दडे बसणं वेगळं, नस जाणं वेगळं
डोकं-मानेच्या कॅन्सरवरच्या एका लेखात 'रेडिएशननंतर कानाला दडे बसतात, ते हळूहळू सुटतात' एवढंच म्हटलंय. हे अर्धंच खरं. दडे बसतात ते नाकामागून मधल्या कानाकडे जाणारी नळी सुजल्याने. पडद्यामागे पाणी साठतं, टिम्पॅनोमेट्रीत (पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या तपासणीत) आलेख सपाट येतो. हे बऱ्याचदा ओसरतं. ग्रोमेट (पाणी निघावं म्हणून पडद्यात बसवायची बारीक नळी) घालायची घाई मात्र नको, किरणं लागलेला कान नंतर महिनोन्‌महिने वाहत राहू शकतो.

दुसरा प्रकार आतल्या कानाचा, म्हणजे आवाज टिपणाऱ्या कॉक्लियाचा; यालाच 'नस जाणं' म्हणतात. तो उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी उमटतो आणि सहसा परत फिरत नाही. आधी जातात ४००० ते ८००० हर्ट्झचे वरचे सूर. आवाज येतो, पण 'साल' की 'शाल', 'सात' की 'हात' हे कळेनासं होतं. घरचे म्हणतात, लक्षच नसतं! सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध असेल तर धोका वाढतो. त्याचा फटका बहुधा दोन्ही कानांना, किरणांचा मात्र जास्त डोस मिळालेल्या बाजूला. म्हणून रेडिएशनच्या पहिल्या सिटिंगआधीच ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करावा, आवाज हवेतून आणि हाडातून असा दोन्ही प्रकारे देऊन. नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? किरणं कुठे किती द्यायची त्या प्लॅनिंगच्या वेळीच विचारावं: स्कॅनवर कॉक्लिया वेगळा आखलाय का, त्याला सरासरी डोस किती? तो ४५ ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) खाली, सिस्प्लॅटिन असेल तर आणखी कमी ठेवायचा प्रयत्न असतो. नाकामागच्या गाठीत ते दरवेळी जमत नाही. गाठीचा डोस कापून कान वाचवत नाहीत.