नेट गेलं की ड्रायव्हर उडवा? आधी डिव्हाइस मॅनेजर वाचा

एक मेसेज दर थोड्या दिवसांनी फिरून येतो. सांगणं असं: डेस्कटॉपवर नेट बंद पडलं म्हणजे नेटवर्क ड्रायव्हर (विंडोजकडून नेटवर्क कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर) बिघडला. ॲडॉप्टर (म्हणजे तेच नेटवर्क कार्ड) अनइन्स्टॉल करा, शटडाउन करून पुन्हा चालू करा, ड्रायव्हर अपडेटर, म्हणजे ड्रायव्हर आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर, टाकून सगळं लेटेस्ट करा. तरी जमलं नाही तर कार्ड गेलं. मी हा क्रम एकदा इमानेइतबारे पाळलाय, म्हणून लिहितोय.

‘नेट बंद म्हणजे ड्रायव्हर बिघडला.’ बिघडला असेलही, पण ते डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली हार्डवेअरची यादी, स्वतःच सांगतो. ॲडॉप्टरवर पिवळा त्रिकोण किंवा खाली वळलेला बाण असेल तर डबल क्लिक करा, कोड दिसतो. कोड १० म्हणजे डिव्हाइस सुरूच होत नाहीये, कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. कोड २२ असेल तर कुणीतरी ते डिसेबल केलंय. राइट क्लिक, एनेबल, विषय संपला.

अशी खूण नसेल तर आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर कॉम्प्युटरने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून स्वतःच एक घेऊन टाकला. अशा वेळी आधी वायर आणि राउटर तपासायचे. नेट चालतंय पण गिगाबिटचं (१००० एमबीपीएसचं) कार्ड १०० वरच अडकलंय, तर संशय पुन्हा वायरवरच. १०० एमबीपीएसला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार तुटली की वेग खाली येतो आणि शिव्या बिचाऱ्या ड्रायव्हरला.

‘ॲडॉप्टर अनइन्स्टॉल करा.’ माझी फजिती इथेच झाली. अनइन्स्टॉल करताना एक चौकट येते, ‘ड्रायव्हर सॉफ्टवेअरही काढून टाका’ अशा अर्थाची. टिक नाही केली तर रीस्टार्टनंतर विंडोज तोच ड्रायव्हर परत लावतं, फारसं बिघडत नाही. मी टिक केली. त्या चिपचा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळात नव्हताच, त्यामुळे ‘इथरनेट कंट्रोलर’ नावाची अनोळखी ओळ आणि कोड २८ पदरात पडला. आता ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट हवं, आणि नेटला ड्रायव्हर! शेवटी फोन यूएसबीने जोडून टेदरिंगवर, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला देऊन, सुटका झाली. मदरबोर्डच्या साइटवरून नेटवर्क ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवर घ्या, मगच तिकडे हात लावा.

‘शटडाउन करून चालू करा.’ यात गंमत आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि चालू करताना तीच परत उचलली जाते. म्हणजे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने लोड होतं.

‘अपडेटर टाका, सगळं लेटेस्ट करा.’ नको. नेट कालच्या ड्रायव्हर अपडेटनंतर गेलं असेल तर उपाय उलट्या दिशेला आहे: ड्रायव्हर टॅबवरचं ‘रोल बॅक’. ते बटण फिकं दिसलं तर जुना ड्रायव्हर जपलेला नाही, मग तो हाताने टाकायचा. चिप कुणाची हे ओळखायला अपडेटर कशाला? डिटेल्स टॅबमध्ये हार्डवेअर आयडी निवडा. ‘व्हीईएन’पुढे ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रिअलटेक.

‘तरी नाही जमलं, कार्ड गेलं.’ इतकी घाई नको. कॉम्प्युटर बंद असला तरी नेटवर्क चिपला स्टँडबाय वीज मिळत राहू शकते, म्हणून अडकलेली चिप नुसत्या रीस्टार्टने सुटतेच असं नाही. पॉवर केबल काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, थोडं थांबून पुन्हा जोडा. मग पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून चालणारी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, सुरू करा, इन्स्टॉल करायचं नाही. तिथे नेट चाललं तर कार्ड ठणठणीत आहे, विंडोजकडे परत या. तिथेही पोर्टचा दिवा पेटत नाही आणि तीच वायर दुसऱ्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित चालते, तेव्हा खुशाल नवीन कार्ड घ्या.