ॲलर्ट बंद करण्याआधी ड्रग मास्टर उघडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

औषधांच्या ॲलर्जीचा इशारा देणाऱ्या संगणकीय प्रणालीवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय त्याचा सारांश असा: साठ खाटांचं हॉस्पिटल, सॉफ्टवेअर घेतलं, दर दुसऱ्या ऑर्डरला इशाऱ्याची लाल चौकट यायला लागली. ज्याला खरंच रिॲक्शन आली त्याच्या वेळी मात्र मशीन गप्प. म्हणून ॲलर्ट बंद करून टाकले. त्यापेक्षा सिस्टरने विचारावं आणि टेस्ट डोस (आधी त्वचेत थोडंसं औषध टोचून बघणं) द्यावा.

तक्रार खरी आहे. ॲलर्जीचे इशारे डॉक्टर बाजूला सारतात हे बऱ्याच ठिकाणी मोजलं गेलंय, आणि निरनिराळ्या अभ्यासांत ते प्रमाण ४४ ते ९७ टक्के निघालंय. तरी बंद करण्याचा निर्णय पटत नाही. इशारा ज्या दोन याद्यांवर चालतो (औषधांची यादी, म्हणजे ड्रग मास्टर, आणि रुग्णांच्या ॲलर्जीच्या नोंदी), त्या तपासल्याशिवाय दोष कुठे आहे ते कळणार नाही.

आधी गप्प राहण्याबद्दल. तुमचा ड्रग मास्टर कोणी भरला? बहुतेक ठिकाणी तो खरेदी विभागाचा आयटम मास्टरच, म्हणजे मालाची यादीच, असतो. एमआरपी, बॅच, एक्स्पायरी, जीएसटी सगळं चोख; औषधातला घटक मात्र कुठेच नाही. आता रुग्णाच्या नोंदीत ‘पेनिसिलिन’ आहे आणि ऑर्डर आली ‘ऑगमेंटिन ६२५’ची. त्यात ५०० मिग्रॅ अमॉक्सिसिलिन आणि १२५ मिग्रॅ क्लॅव्युलॅनिक ॲसिड आहे हे तुम्हाला पाठ आहे. मशीनला ती नुसती अक्षरं आणि आकडे. प्रत्येक ब्रँड त्यातल्या प्रत्येक घटकाशी आणि तो घटक त्याच्या गटाशी जोडलेला नसेल, तर चौकट उमटणारच नाही. आपल्याकडच्या मिश्रणांत ही चूक हमखास होते: ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलच्या गोळीला पहिलंच नाव जोडलं जातं, आणि मेट्रोनिडाझोलने दर वेळी त्याच जागी काळा डाग उठणाऱ्या रुग्णाला ती बिनबोभाट मिळते.

सगळे हजारो ब्रँड एकदम जोडायला बसू नका, ते काम कधीच पुरं होत नाही. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन, सल्फा, वेदनाशामकं, क्विनोलोन (ऑफ्लॉक्सासिनचा गट), नायट्रोइमिडाझोल (मेट्रोनिडाझोल-ऑर्निडाझोलचा गट) आणि फेनिटॉइन-कार्बामाझेपिनसारखी फिट्सची औषधं एवढे गट आधी घ्या.

गप्प राहण्याचं दुसरं कारण वेळेचं. तोंडी ऑर्डरवर वॉर्डच्या साठ्यातून इंजेक्शन दिलं जातं आणि तासाभराने नोंद होते. चौकट तेव्हा येते. याला सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. साठ्यातली बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन वगैरे) इंजेक्शनं कमी करणं, हाच मार्ग. आणि आयुष्यातली पहिली रिॲक्शन कुठलंही मशीन ओळखत नाही, हे तुमचं म्हणणं बिनशर्त मान्य.

आता नको तिथे ओरडण्याबद्दल. ‘सल्फा ॲलर्जी’ लिहिलेल्या रुग्णाला लॅसिक्स (लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड) लिहिलं की लाल चौकट, हा नेहमीचा नमुना. फ्युरोसेमाइडच्या रेणूत सल्फोनामाइड गट आहे म्हणून नियम लावलेला असतो. पण कोट्रायमॉक्साझोलसारख्या प्रतिजैविक सल्फांची ॲलर्जी त्यामुळे लॅसिक्सला लागू होत नाही. तो नियम काढून टाका. पेनिसिलिनवरून सरसकट सगळ्या सेफॅलोस्पोरिनना अडवणंही जुनं झालं. इथे बघायची ती साइड चेन, म्हणजे रेणूला जोडलेली बाजूची साखळी: सेफॅलेक्सिनची ॲम्पिसिलिनशी जुळते, सेफॅड्रॉक्सिलची अमॉक्सिसिलिनशी, सेफाझोलिनची कुणाशीच नाही. एवढा एकच बदल केला तरी शस्त्रक्रियेआधीच्या सेफाझोलिनवरच्या बहुतेक चौकटी जातील.

उरलेला गोंगाट नोंदीतून येतो. ‘ब्रुफेन गरम पडते’ हे वाक्य रकान्यात जसंच्या तसं असतं. त्याचा अर्थ जळजळ, अंगावर उठलेल्या गांधी किंवा दमा उसळणं, काहीही असू शकतो. म्हणून सिस्टरने विचारावं हे योग्यच, पण ‘ॲलर्जी आहे का?’ एवढंच नको. कुठलं औषध, नक्की काय झालं, घेतल्यावर किती वेळाने, कुठल्या साली, दवाखान्यात न्यावं लागलं का, आणि त्यानंतर तेच औषध पुन्हा पोटात गेलं का? शेवटचा प्रश्न सर्वात मोलाचा. अमेरिकेत सुमारे १० टक्के लोकांच्या नोंदीत पेनिसिलिन ॲलर्जी असते, आणि तपासल्यावर त्यातल्या नव्वदहून अधिक टक्के लोकांना ते चालतं. रकाना रिकामा असणं, ‘विचारलं, नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ या तीन वेगळ्या नोंदी ठेवा.

मग इशाऱ्यांच्या पायऱ्या पाडा. ॲनाफिलॅक्सिस (अचानक येणारी जीवघेणी रिॲक्शन), स्टीव्हन्स-जॉन्सन आणि ड्रेस (औषधाने उद्भवणारे, त्वचेवर उठणारे गंभीर आजार): ऑर्डर पूर्ण थांबली पाहिजे, वरिष्ठांनी कारण लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. नुसती गांध: चौकट, पण कारण निवडून पुढे जाता यावं. मळमळ, जुलाब: असहिष्णुता म्हणून नोंद, चौकट नाही. आणि कोणी ‘पूर्वी घेतलं, त्रास नाही’ हे कारण निवडलं की ते ॲलर्जीच्या नोंदीपर्यंत पोचून फेरतपासणीला गेलं पाहिजे. नाहीतर तीच चौकट त्याच रुग्णाला पुढची दहा वर्षं छळणार.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण विचारतो: ऑर्डर टाइप कोण करतं? तुम्ही केसपेपरवर लिहिता आणि ऑपरेटर भरत असेल, तर चौकट त्याच्यासमोर येते, ज्याला औषध बदलण्याचा अधिकारच नाही. तो ‘ओके’ दाबणारच. अशा ठिकाणी इशारा फार्मसिस्टच्या स्क्रीनवर, औषध देण्याच्या टप्प्यावर ठेवा.

टेस्ट डोसबद्दल थोडक्यात. सेफ्ट्रायॅक्सोन या सेफॅलोस्पोरिनचा थेंब त्वचेत टोचून काही उठलं नाही, म्हणजे धोका टळला असं नाही. काही दिवसांनी येणाऱ्या स्टीव्हन्स-जॉन्सनबद्दल तो काहीच सांगत नाही. निगेटिव्ह आला तरी ॲड्रिनलिन हाताशी लागतंच.

‘यंत्राने फरक पडल्याचा पुरावा द्या’ असंही तुम्ही म्हटलंय. सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस हॉस्पिटलच्या १२ खाटांच्या आयसीयूचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. प्रतिजैविकं निवडायला संगणकाची मदत घेतल्यावर, ॲलर्जी सांगितलेल्या औषधांच्या ऑर्डरी १४६ वरून ३५ वर आल्या. हा आकडा फार मिरवला जातो; पण आधीचे रुग्ण १,१३६ आणि नंतरचे ५४५ होते, म्हणजे खरी घट साधारण निम्मी. तीही थोडी नाही.

पुन्हा सुरू करण्याआधी एक खोटा रुग्ण तयार करा, पेनिसिलिनला ॲनाफिलॅक्सिस अशी नोंद घाला आणि पाच ऑर्डरी टाका: ऑगमेंटिन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफॅलेक्सिन, सेफाझोलिन, ॲझिथ्रोमायसिन. पहिल्या दोन (पेनिसिलिन गटातल्या) थांबल्या पाहिजेत, तिसरीला चौकट यावी, शेवटच्या दोन सुटाव्यात. दर अपडेटनंतर आणि नवा स्टॉक भरल्यावर हे पुन्हा करा. त्या रुग्णाला बिलिंग आणि खाटांच्या मोजणीतून वगळायला मात्र आयटीवाल्याला आधीच सांगून ठेवा.