ऑस्मोच्या अंकांच्या तुकड्यांत चिप नसते

ऑस्मो म्हणजे टॅबलेटसमोर टेबलावर तुकडे मांडून खेळायचा मुलांचा खेळसंच. पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ऑस्मोच्या गणिती खेळातल्या तुकड्यांमध्ये चिप असते, तिच्या लहरी मुलांना घातक, म्हणून हात लावू देऊ नका. हे खरे नाही. त्या तुकड्यांत ना चिप आहे, ना बॅटरी.

मग कोणता तुकडा मांडलाय हे टॅबलेटला कळते कसे? टॅबलेट स्टँडवर उभा करतात आणि समोरच्या कॅमेऱ्यावर छोटा आरसा बसवतात. आरशामुळे कॅमेऱ्याला समोरचे मूल नाही, तर पुढ्यातले टेबल दिसते. तुकड्यांवरचे ठिपके आणि अंक सॉफ्टवेअर त्या चित्रातून ओळखते. पडद्यावर ७ आले, की मुलाने ५ आणि २ ठिपक्यांचे तुकडे मांडायचे. ५, १, १ मांडले तरी चालते. एकच संख्या अनेक तऱ्हांनी बनते हे हाताने सरकवून कळणे, हीच या खेळाची खरी जमेची बाजू, आणि तीच भीतीपोटी काढून घेतली जातेय याचे वाईट वाटते.

खरेदीपूर्वी एवढे मात्र बघा: स्टँड ठरावीक टॅबलेटसाठीच बनवलेला असतो, कुठल्याही टॅबलेटला तो चालत नाही.