‘शोधायचं सगळं शोधून झालं’ असं तो म्हणालाच नव्हता

आमच्या शेतकरी ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. या वेळी तर तालुक्याच्या उद्योजकता शिबिरात एका वक्त्याने तो माइकवरून वाचला आणि टाळ्याही पडल्या. मजकूर थोडक्यात असा:

“१८९९ साली अमेरिकेच्या पेटंट ऑफिसचा प्रमुख चार्ल्स ड्युएल म्हणाला, ‘शोधायचं ते सगळं शोधून झालंय.’ त्याने राजीनामा दिला आणि ऑफिस बंद करा असं सरकारला कळवलं. चारच वर्षांत राइट बंधूंनी विमान उडवून त्याला तोंडघशी पाडलं. तज्ज्ञांचं ऐकाल तर मागे राहाल! आणि आपल्याकडे? इंग्रजांनी आपल्या माणसाला पेटंटचा हक्कच दिला नाही.”

मी अवजारांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. पेटंट, म्हणजे नव्या वस्तूवर काही वर्षांपुरता मिळणारा एकट्याचा हक्क, हा माझा धंदा नाही, पण माझ्या फळ्यांवरच्या निम्म्या वस्तू कुणाच्या ना कुणाच्या जुन्या पेटंटमधून आलेल्या आहेत. म्हणून हा मेसेज वाचला की हात शिवशिवतात. एकेक वाक्य घेऊ.

‘ड्युएल म्हणाला, सगळं शोधून झालं.’

नाही म्हणाला. त्याचा १८९९चा वार्षिक अहवाल नेमका उलटं सांगतो. आदल्या वर्षापेक्षा सुमारे तीन हजार पेटंटं जास्त निघाली, १८३७च्या तुलनेत आकडा जवळपास साठपट झाला, असा त्याचा हिशेब आहे. शेवटी तो अमेरिकेच्या ५६व्या काँग्रेसकडे (म्हणजे तिथल्या संसदेकडे) पेटंटची व्यवस्था सुधारायला मदत मागतो. दुकान बंद करायला निघालेला माणूस गिऱ्हाईक वाढल्याचा हिशेब मांडून भांडवल मागत नाही. १९०२ साली तर तो म्हणाला की या शतकात जे होणार आहे त्यापुढे आजवरची सगळी प्रगती किरकोळ वाटेल, ते बघायला पुन्हा जन्मावं असं वाटतं.

मग हे वाक्य आलं कुठून? लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकात १८९९मध्ये येणाऱ्या शतकावर एक थट्टा होती. कुणीतरी विचारतो, पेटंट तपासायला इथे कारकून नाही का? पोऱ्या उत्तर देतो, गरजच नाही साहेब, शोधायचं ते सगळं शोधून झालंय. म्हणजे मूळचा हा पोऱ्याचा विनोद. ड्युएलच्या नावाने हे वाक्य १९८१च्या एका पुस्तकात छापलं गेलं आणि तिथून ते भाषणांत शिरलं.

‘राजीनामा दिला, ऑफिस बंद करा म्हणाला.’

ड्युएल १९०१पर्यंत त्याच खुर्चीवर होता, पुढे वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात न्यायाधीश झाला. त्याचा बापही त्याच पेटंट ऑफिसचा प्रमुख राहिलेला. ज्याच्या घरातच पेटंटचं काम मुरलेलं, त्या माणसाला काय चाललंय ते कळत नसेल, हे मला पटत नाही.

राजीनाम्याची दंतकथा ड्युएलपेक्षा जुनी आहे. एबर जेफ्री नावाच्या एका अभ्यासकाने १९४० साली सरकारी कागद चाळून तिचा माग काढला. असा राजीनामा कुणाचाच सापडला नाही. सापडलं ते ऑफिसचा पहिला कमिशनर, म्हणजे प्रमुख, हेन्री एल्सवर्थ याच्या १८४३च्या अहवालातलं एक वाक्य: वर्षागणिक होणारी प्रगती बघून विश्वास बसत नाही, माणसाची सुधारणा जिथे थांबेल तो काळ जवळ आला की काय असं वाटतं. पुढे एल्सवर्थने पद सोडलं आणि दोन गोष्टींची गाठ मारली गेली.

हा एल्सवर्थ मला फार आवडतो. पेटंट ऑफिसात बसून तो शेतकऱ्यांना बियाणं वाटत असे. १८३९ साली त्याने काँग्रेसकडून बियाणं आणि शेतीच्या आकडेवारीसाठी एक हजार डॉलर मिळवले, आणि अमेरिकेच्या शेती खात्याचं मूळ तिथे धरतात. मोर्सच्या तारयंत्राच्या पाठीशी तो उभा राहिला. १८४४मध्ये त्या तारेवरून गेलेला पहिला प्रसिद्ध संदेश त्याच्या मुलीने निवडला होता. असा माणूस ‘आता संपलं’ कशाला म्हणेल? आश्चर्य वाटलं म्हणून त्याने लिहिलेलं वाक्य लोकांनी निकालपत्रासारखं वाचलं, एवढंच.

‘चार वर्षांत विमानाने त्याला खोटं पाडलं.’

मेसेजची खरी गोची इथे आहे, आणि थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. आपण गुरुत्वाकर्षणाचाही ‘शोध’ म्हणतो आणि शिलाई मशीनचाही ‘शोध’ म्हणतो. त्यामुळे डोक्यात चित्र बसतं ते विहिरीचं: पाणी खाली आहे, उपसत राहा, एक दिवस तळ लागेल. पेटंट ऑफिसात विहीर नसते. तिथे बहुतेक अर्ज येतात ते असलेल्या वस्तूतल्या सुधारणेचे. दांडा इथे नको तिथे हवा, खिळ्याऐवजी स्प्रिंग हवी, असले.

विमानाचंच घ्या. राइट बंधूंनी अर्ज केला २३ मार्च १९०३ला. इंजिनचं विमान उडालं त्या १७ डिसेंबरला. म्हणजे अर्ज आधी, उड्डाण नंतर. कारण अर्ज विमानाचा नव्हताच, हवेत तोल कसा सावरायचा याचा होता, आणि ती युक्ती त्यांनी १९०२च्या बिनइंजिनाच्या ग्लायडरवर घोटून घेतली होती. पेटंट मिळालं १९०६मध्ये.

आणि हे सुचायला कुणी मोठा माणूस लागतो असंही नाही. न्यूयॉर्कला ट्रामच्या ड्रायव्हरला बर्फात काच दिसत नाही हे अलाबामाच्या मेरी अँडरसनने बघितलं. आतून दांडा फिरवला की बाहेरची काच पुसली जाईल असं साधन तिने १९०३मध्ये नोंदवलं. आज त्याला आपण वायपर म्हणतो. तिला त्यातून एक छदाम मिळाला नाही. पेटंटची सतरा वर्षांची मुदत संपली आणि मग गाड्यांना वायपर सर्रास दिसू लागले. पॅन्टला असते तसल्या चेनचं सुरुवातीचं एक पेटंट १८९३चं, पण ती चेन ऐन वेळी उघडायची. गिडिअन सुंडबॅकने दात बारीक आणि दाट केले, १९१७मध्ये वेगळं पेटंट घेतलं, आणि आपण आज वापरतो ती ही दुसरी.

आता माझ्या काउंटरवरची वस्तू. रोटाव्हेटरचं, म्हणजे ट्रॅक्टरमागे फिरून माती भुसभुशीत करणाऱ्या अवजाराचं पातं, ज्याला गिऱ्हाईक ‘एल टाइप’ म्हणून मागतं. तीन-चार बोटं रुंदीची पोलादी पट्टी, वर दोन भोकं, खाली काटकोनात वळलेली. सहा फुटी रोटरला साधारण ४२ पाती लागतात, निम्मी डावी, निम्मी उजवी. नव्या पोराने डावं पातं उजव्या बाजूला आवळलं की माती एकीकडे ढीग लावते आणि रानात वरंबा दिसायला लागतो. मग शेतकरी मशीनला शिव्या घालत येतो.

हीच अडचण १९१२ साली ऑस्ट्रेलियातल्या गिलगँड्रा गावी आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या एकोणीस वर्षांच्या पोरासमोर होती. बापाच्या शेतावरच्या वाफेच्या ट्रॅक्टरच्या जोरावर त्याने फिरतं अवजार जमिनीत घालून बघितलं. नांगरासारखी माती दबत नव्हती, मोकळी होत होती. पण ती बाजूला फेकली जायची. त्याने बरंच काही करून पाहिलं, आणि इलाज निघाला तो असा: कमी व्यासाचा दांडा, त्यावर अंतर ठेवून बसवलेल्या चकत्या आणि चकत्यांना ‘एल’ आकाराची पाती. मध्ये पहिलं महायुद्ध गेलं. पेटंट झालं १९२०मध्ये. जमीन उकरणारं अवजार माणसाकडे हजारो वर्षं होतं, इंजिनही होतं. नवं काय, तर पात्याचा वळसा. आज आपल्याकडे ‘दोन वेळा रोटर मारून घे’ म्हणतात त्यात तो वळसाच काम करतो. रोटाव्हेटर हा मूळ त्याच्या कंपनीचा छाप. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली तरी तोच शब्द येतो, हे गिऱ्हाइकाला सांगितलं की बिल देताना घासाघीस जरा कमी होते.

पोकलेनखालचे पट्टे घ्या. लाकडाचे ओंडके ओढायला अमेरिकेत लोंबार्डने १९०१मध्ये पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. कॅलिफोर्नियात स्टॉक्टनजवळच्या दलदलीत बेंजामिन होल्टचे ट्रॅक्टर रुतत होते, म्हणून त्याने १९०४मध्ये चाकं काढून पट्टे चढवले, पेटंट १९०७चं. ‘पहिला कोण’ यावर अजून वाद घालता येतो, कारण प्रत्येकाने वेगळा तुकडा सुधारला होता.

आता आकडा. १८३६पासून नव्याने मोजलेल्या अमेरिकी पेटंटांत १९०० सालातलं पहिलं आहे ६,४०,१६७ क्रमांकाचं. म्हणजे त्रेसष्ट वर्षांत साडेसहा लाखांच्या आत. दहा लाखावं निघालं ८ ऑगस्ट १९११ला, गाडीच्या टायरसाठी. उरलेल्या साडेतीन लाखांहून जास्त पेटंटांना बारा वर्षंही लागली नाहीत. ड्युएलच्या टेबलावर १८९९मध्ये हीच लाट चढत होती.

‘तज्ज्ञांचं ऐकाल तर मागे राहाल.’

राइट बंधूंचा पहिला अर्ज, त्यांनी स्वतः लिहिलेला, फेटाळला गेला. मग त्यांनी ओहायोतल्या हॅरी टूलमिन या पेटंट वकिलाला गाठलं, त्याचं ऐकलं, आणि पेटंट मिळालं. बास.

‘इंग्रजांनी आपल्या माणसाला हक्कच दिला नाही.’

इथे मेसेजचा राग खरा आहे, माहिती खोटी. हिंदुस्थानात पेटंटचा पहिला कायदा १८५६चा. त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या डीपेनिंगने केला, तोही छताचा पंखा ओढायच्या यंत्राचा. कायद्यात ‘देशी माणसाला बंदी’ असं कलम नव्हतं. १९११च्या कायद्यातही नव्हतं. जगदीशचंद्र बोसांनी तर १९०४मध्ये अमेरिकेचं पेटंट मिळवलं. मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनी पीठ-साखर आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रावर १८९७मध्ये लंडनच्या एका नियतकालिकाची स्पर्धा जिंकली, आणि छपाईचे टाइप ओतायच्या यंत्रांची पेटंटं परदेशात घेतली.

पण हिंदुस्थानातली बहुतेक पेटंटं परदेशी लोकांच्या नावावर होती, हे सत्य आहे. दार उघडं असून आत जायला फी लागते, नकाशे काढणारा लागतो, इंग्रजी अर्ज लागतो, आणि नंतर माल बनवायला कारखाना लागतो. भिशांना दादाभाई नौरोजींचा हात होता, तरीही पैशासाठी वणवण चुकली नाही. हा अन्याय सांगायचा तर असा सांगा. ‘हक्कच नव्हता’ म्हटलं की भिशांनी केलेली धडपडच पुसली जाते.

शिबिर संपल्यावर आमच्याकडचा एक वेल्डर मागे आला. हळदीच्या बेण्यासाठी त्याने पाभरीच्या (पेरणीच्या अवजाराच्या) चाड्यात एक फिरता कप्पा बसवलाय, बेणं एकेक पडतं. विचारत होता, “भाऊ, ह्याला पेटंट मिळतं का?” मी म्हटलं, शेती करायच्या पद्धतीला आपल्या १९७०च्या कायद्यात मिळत नाही, पण अवजाराला मिळू शकतं, वीस वर्षांचं. त्यातली एक मोठी अट, अर्ज करण्याआधी ते जगजाहीर झालेलं नको.

“कुणाला दाखवलं नाहीस ना?”

“छे. कुणालाच नाही. फक्त स्टेटसला व्हिडिओ टाकला होता.”