तेल कुणाचं, विमा कुणाचा?

रशियाचं तेल आपण घ्यावं की नाही, यावर इथे रोज हमरीतुमरी होते. ट्रम्प येतात, पुतिन येतात, देशप्रेम तर असतंच. तेल आणणाऱ्या टँकरचा विमा कुणाकडे आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. मला विचाराल तर खरी मेख तिथेच आहे.

2000 टनांपेक्षा जास्त तेल वाहणाऱ्या टँकरला तेलगळतीच्या भरपाईचा विमा सक्तीचा आहे. 1992 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याचं प्रमाणपत्र नसेल तर बंदरात शिरता येत नाही. हा विमा देणाऱ्या, जहाजमालकांच्याच 12 क्लबांचा एक गट आहे, इंटरनॅशनल ग्रुप. जगातल्या समुद्री जहाजांच्या टनेजपैकी सुमारे 90 टक्के त्यांच्याकडे, आणि गळतीसाठी एका अपघातामागे 1 अब्ज डॉलरपर्यंत कवच. बहुतेक क्लब पाश्चिमात्य कायद्याखाली येतात, म्हणजे चावी पश्चिमेच्या हातात.

5 डिसेंबर 2022 ला जी-7, युरोपीय संघ आणि ऑस्ट्रेलियाने ही चावी फिरवली. पिंपाला 60 डॉलर किंवा कमी भाव असेल तरच रशियन कच्च्या तेलाला आमची जहाजं आणि आमचा विमा. तेल अडवायचं नव्हतंच; अडवलं असतं तर भाव भडकून अमेरिकेतला पंपही पेटला असता. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा बेत होता.

काठी मोडली ती कागदावर. मर्यादा होती ती लोडिंगच्या बंदरातल्या भावावर. विमा कंपनीला सौद्याचं बिल दिसत नाही, तिला मिळतं फक्त हमीपत्र. उदाहरणार्थ, रशियाच्या प्रिमोर्स्क बंदरात 59 डॉलर दाखवायचे आणि उरलेले भाडं, विमा, ‘इतर खर्च’ या रकान्यांत चढवायचे. आपल्या रिफायनऱ्या हे तेल बहुतेक पोहोच भावाने घेतात. जहाज आणि विमा बघतो विकणारा. जहाजाची कंपनी त्याच्याच गोतावळ्यातली असली की पैसा घरातच. 2024 च्या सुरुवातीला दर फेरीचं हमीपत्र आणि खर्चाचा तपशील मागायला लागले, पण उरल्स या रशियाच्या मुख्य कच्च्या तेलाने 60 ची रेषा जुलै 2023 मध्येच ओलांडली होती. तोवर दुसरा ताफाही तयार झाला होता.

हा ताफा म्हणजे ज्यांना बड्या तेल कंपन्या भाड्याने घेत नाहीत अशी, बहुतेक 15 वर्षांवरची जहाजं. काही तर अलंगच्या जहाजतोडणीच्या वाटेवरची. भंगारापेक्षा चांगला भाव मिळाला म्हणून परत पाण्यात. झेंडा गॅबनचा किंवा कुक आयलंड्सचा, मालक एखादी कागदी कंपनी. मग भर समुद्रात माल बदलतात. दोन टँकर समांतर आणायचे, मध्ये फुगवलेले जाड रबरी फेंडर, दोर आवळायचे, होज जोडून पंप सुरू. एक रिकामा होत वर येतो, दुसरा भरत खाली बसतो, म्हणून दोर सतत सैल-घट्ट करत राहावे लागतात. लाट वाढली आणि कुणी वेळेवर दोर सोडला नाही, की दोर तुटतो नाहीतर होज. जहाज कुठे आहे ते सांगणारा ट्रान्सपाँडर बंद किंवा खोटी जागा दाखवणारा. पण येताना हलकं असलेलं जहाज जाताना काही मीटर जास्त बुडालेलं दिसलं की जाणकाराला कळायचं ते कळतं.

आता मुंबई. भारतीय बंदरात कोणत्या विमा कंपनीचं प्रमाणपत्र चालेल, हे ठरवतं नौवहन महासंचालनालय, मुंबईत बसून. त्याने रशियन विमा कंपन्यांना मान्यता दिली. रशियाच्या सोव्हकॉमफ्लोट या सरकारी जहाज कंपनीच्या दुबईतल्या कंपनीकडच्या जहाजांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रं दिली पवईच्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगने. स्वस्त तेल घेण्याला माझा विरोध नाही. 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करणाऱ्याने ते घ्यायलाच हवं. पण 10 जानेवारी 2025 ला अमेरिकेने 183 जहाजांबरोबर इंगोस्त्राख आणि अल्फास्त्राखोवानिये या दोन विमा कंपन्यांवरही निर्बंध घातले. समजा, यांच्या विम्यावरचा टँकर आपल्या किनाऱ्यावर फुटला. कंपनी द्यायला तयार असली तरी डॉलरमधली भरपाई कोणती बँक पुढे सरकवेल?

2010 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया 3 आदळल्या. चित्रा कंटेनरची बोट, सांडलं ते तिचं स्वतःचं इंधन, तरी तवंग उरण, एलिफंटापर्यंत गेला. अफ्रामॅक्स म्हणजे मध्यम आकाराच्या टँकरच्या पोटात सुमारे लाख टन असतं.

मालक आणि विमा कंपनी दोघांनी हात वर केले तर 1992 च्या आंतरराष्ट्रीय भरपाई निधीतून पैसे मिळतात, भारत त्याचा सदस्य आहे. पण हा निधी भरतं कोण? वर्षाला दीड लाख टनांहून जास्त तेल समुद्रमार्गे उतरवून घेणाऱ्या कंपन्या, म्हणजे आपल्याच रिफायनऱ्यांसारख्या. त्यालाही 20.3 कोटी एसडीआरची (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) कमाल मर्यादा आहे. त्यावरच्या नुकसानीसाठी वेगळा पूरक निधी आहे, त्यात आपण सामील झालेलो नाही.