हातावरची फुली सैतानाची नाही, आणि हार्डकोर म्हणजे मेटल नाही

पालकांच्या ग्रुपांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. त्याचं म्हणणं असं: हार्डकोर पंक आणि हेवी मेटल हे रॉक संगीताचे दोन प्रकार म्हणजे एकाच गोष्टीची दोन नावं, मुलाच्या हातावर काळी फुली दिसली तर तो नशेबाज, सैतानपूजक टोळीत गेला असं समजा, या लोकांना वाजवता येत नाही म्हणून ते किंचाळतात, लांब केस आणि काळे कपडे ही त्यांची ओळख. हा संदेश माझ्या ताईपर्यंत पोचला. तिचा मुलगा मायनर थ्रेट हा जुना अमेरिकन हार्डकोर बँड ऐकतो आणि मार्करने हातावर फुली काढतो. ताईने त्याचं कपाट, सॅक, पँटचे खिसे, सगळं धुंडाळलं. सापडलं काहीच नाही, कारण काही नव्हतंच. पण पोरगा तेव्हापासून आईशी धड बोलत नाही.

म्हणून आधी फुली. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा साफ उलटा आहे.

१९८० साली वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा शाळकरी पोरांचा बँड कॅलिफोर्नियाला वाजवायला गेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मबुहाय गार्डन्स या क्लबात दारू मिळायची आणि ही पोरं अल्पवयीन. क्लबवाल्यांनी तोडगा काढला: त्यांच्या हातांवर मार्करने मोठी फुली मारायची, म्हणजे बारवाल्याला लांबूनच कळेल की याला दारू द्यायची नाही. परत आल्यावर पोरांनी वॉशिंग्टनच्या क्लबांपुढे हाच पर्याय ठेवला: आमच्या हातावर फुली मारा, पण गाणं ऐकायला आत सोडा. त्यांची रेकॉर्ड काढण्यासाठी डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. तिच्या कव्हरवर काय आहे? एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हात आणि दोन्हींवर काळ्या फुल्या. कोणालाही इंटरनेटवर हे कव्हर मिनिटभरात सापडेल. संदेश लिहिणाऱ्याने तेवढे कष्टही घेतले नाहीत.

त्याच बँडचा इयन मकाय पुढे मायनर थ्रेटचा गायक झाला. १९८१ मध्ये त्यांचं ‘स्ट्रेट एज’ हे गाणं आलं. जेमतेम पाऊण मिनिटाचं गाणं, आणि त्याचा आशय एवढाच की मला नशा करायची गरज नाही, मला याहून चांगलं काही करायचंय. त्यावरून दारू, सिगारेट, ड्रग्ज यांना हात न लावणाऱ्या पोरांची एक अख्खी चळवळ उभी राहिली आणि फुली तिची खूण झाली. म्हणजे मुलगा हातावर लिहून सांगतोय की मी पीत नाही, आणि आई त्याच्या खिशात पुड्या शोधतेय! हार्डकोर ऐकणारे सगळेच निर्व्यसनी होते असं मी म्हणत नाही, तसं नव्हतंच. पण ही खूण तरी निर्व्यसनी राहण्याचीच आहे.

सैतानाचं म्हणाल तर मेटलमध्येही प्रकरण इतकं सरळ नाही. करंगळी आणि तर्जनी वर करून दाखवतात ती ‘शिंगं’ ब्लॅक सॅबथ या मेटल बँडमध्ये गाणाऱ्या रॉनी जेम्स डिओने लोकप्रिय केली. तो सांगायचा की हा हावभाव इटालियन वंशाच्या आपल्या आजीकडून आला, ती दृष्ट लागू नये म्हणून असा हात करायची. मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या आपल्या आज्यांना हे समजावून सांगावं लागलं नसतं. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. काही मेटल बँडनी सैतानाचं नाव उघडपणे वापरलं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत ब्लॅक मेटल या मेटलच्याच एका उपप्रकाराशी संबंधित काही तरुणांनी खरोखर चर्च जाळली, त्यासाठी शिक्षाही झाल्या. तो गुन्हाच होता. पण त्याचा ताईच्या मुलाच्या हातावरच्या फुलीशी काडीचाही संबंध नाही.

आता ‘एकच संगीत’ हा दावा. कान दिले तर फरक कळायला पाच मिनिटं पुरतात. मायनर थ्रेटच्या पहिल्या रेकॉर्डवर आठ गाणी आहेत आणि आठही मिळून दहा मिनिटांच्या आत संपतात. ब्लॅक सॅबथचं १९७० मधलं ‘वॉर पिग्ज’ हे एकटं गाणं जवळपास आठ मिनिटांचं. मेटल रिफवर, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यावर, उभं असतं: तळव्याची कड तारांवर टेकवून काढलेला दबका, जाड आवाज, मग चाल बदलते, मग लांब सोलो, म्हणजे एकट्या गिटारचं वादन, आणि आयर्न मेडनसारख्या बँडकडे दोन गिटारी हातात हात घालून चालतात. हार्डकोरमध्ये सोलोला सहसा जागाच नसते. गिटार सरळ झोडपायची, ड्रम धावत सुटलेले, गायक सुरात आळवत नाही, बोलल्यासारखा ओरडतो, आणि धृपदाला अख्खा घोळका त्याच्याबरोबर ओरडतो. शब्दसुद्धा शाळा, पोलीस, मित्र, कंटाळा अशा रोजच्या गोष्टींचे. युद्ध, पुराणं, मरण यांचे भव्य देखावे मेटलकडे जास्त.

‘वाजवता येत नाही’ याला फार वेळ देत नाही. वॉशिंग्टनचाच बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय वादकांचा हार्डकोर बँड आधी जॅझ फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉक यांचं वाजवायला अवघड मिश्रण, वाजवायचा. त्यांनी हा वेग ठरवून निवडला होता. कपड्यांचं तर बोलायलाच नको: त्या काळच्या हार्डकोर कार्यक्रमांचे फोटो बघा, बारीक कापलेले केस, साधा टीशर्ट, जीन्स. लांब केस मेटलवाल्यांचे.

दोन्हींची सरमिसळ झाली, हे मात्र मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. ब्लॅक फ्लॅग या हार्डकोर बँडने १९८४ च्या ‘माय वॉर’ या अल्बमची दुसरी बाजू थेट सॅबथसारखी संथ, जड केली आणि त्यांचे बरेच चाहते वैतागले. इंग्लंडच्या डिस्चार्ज या पंक बँडची गाणी पुढे मेटॅलिका या मेटल बँडने वाजवली. १९८७ मध्ये डी.आर.आय. या हार्डकोर बँडने तर आपल्या अल्बमचं नावच ‘क्रॉसओव्हर’, म्हणजे ओलांडून पलीकडे जाणं, असं ठेवलं. पण मुळात दोन काठ नसते तर ओलांडायचं काय होतं?

१९९६ मध्ये स्लेयर या पक्क्या मेटल बँडने जुन्या पंक-हार्डकोर गाण्यांचा एक अल्बम काढला, त्यात मायनर थ्रेटचीही गाणी आहेत. ताईला मी त्यातलं ‘फिलर’ हे गाणं दोन्ही बँडचं पाठोपाठ लावून दिलंय. शब्द तेच, चाल तीच. स्लेयरची गिटार जाड, आवळलेली, ड्रम तोलूनमापून पडणारे. मायनर थ्रेटचं सगळं उघडं, खरखरीत, कधीही रुळावरून घसरेल असं. मुलाला शेजारी बसवून तिनं ते ऐकावं आणि कुठलं कोणाचं ते त्यालाच विचारावं.