कागद व्यवस्थित ठेवले की झालं म्हणे!

आज गंगापूर रोडला एका लॉन्सवर साखरपुडा होता. ताटं घेऊन आम्ही एका गोल टेबलाशी बसलो, तर समोर ओळखीतले एक काका. मुलगा अमेरिकेत असतो. गप्पा फिरत फिरत कोरोनावर आल्या आणि काका म्हणाले, "आम्ही त्या दोन वर्षांत तीनदा जाऊन आलो. काही त्रास नाही. लोक उगाच बोंबलतात. कागद व्यवस्थित ठेवले की झालं."

आई माझ्या शेजारीच होती. तिनं जिलबीचा एवढासा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला आणि पाणी प्यायली. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! पण दुसऱ्याच्या कार्यात तमाशा नको म्हणून गप्प बसले. ते आता रात्री साडेअकराला इथं काढतेय. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

काका, तुमचे कागद व्यवस्थित होते, कारण तुमच्या मुलाच्या कंपनीत व्हिसा-तिकिटं बघायला माणसं ठेवलेली आहेत. आमच्याकडे मी होते.

डिसेंबर 2021. धाकटी बहीण न्यू जर्सीत, नववा महिना, पहिलटकरीण. आईच्या पासपोर्टवर व्हिसा होता, पण मे महिन्यापासून अमेरिकेनं भारतातून येणाऱ्यांना दार लावून घेतलं होतं. 8 नोव्हेंबरला ते दोन डोस घेतलेल्यांसाठी उघडलं. दिवाळी नुकतीच संपली होती, आमच्या घरी ती परत सुरू झाली. आईनं डिंक तळला, खारकांची पूड केली, अळिवाचे लाडू वेगळे. बाळंतविड्यात कुंची, झबली, दुपटी आणि स्वतः शिवलेली गोधडी, तिच्या जुन्या इरकलीची. बॅग तीनदा वजनकाट्यावर चढली, तीनदा उतरली.

आता नियमांची गंमत ऐका. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं 23 मार्च 2020 पासून बंदच होती. जी उडत होती ती 'एअर बबल'ची, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून सोडलेली. 26 नोव्हेंबरला आपल्या सरकारनं जाहीर केलं की 15 डिसेंबरपासून सगळं पूर्ववत. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेनं ओमिक्रॉनचं नामकरण केलं. 1 डिसेंबरला आपल्याकडची घोषणा मागे. 2 डिसेंबरला अमेरिका म्हणाली, तपासणी आता तीन दिवस आधीची चालणार नाही, निघण्याच्या आदल्या दिवसाचीच हवी. अंमल 6 तारखेपासून. आईचं विमान 6 आणि 7 च्या मधल्या रात्री दीडला!

आमचा एजंट 5 तारखेला, रविवारी, ठामपणे म्हणाला, "ताई, तीन दिवसांचा आहे नियम, आज स्वॅब देऊन टाका." दिला. सोमवारी सकाळी रिपोर्ट निगेटिव्ह आला. आईनं देवापुढं साखर ठेवली.

आणि तो बदललेला नियम वेळेत कळला असता तरी 'आदला दिवस' म्हणजे काय हे मुंबई-पुण्याच्या लोकांना नाही कळायचं. आपल्या ओझरच्या विमानतळावरून परदेशी जाणारं प्रवासी विमान नव्हतं. सोमवारी सकाळी नाशिकरोडला स्वॅब द्यायचा, रिपोर्ट कधी येईल याची खात्री नाही, आणि तीन-चार तास आधी मुंबईच्या विमानतळावर हजर व्हायचं म्हणजे दुपारी घर सोडायला हवं. मध्ये कसारा घाट. मग भिवंडीचं ट्रॅफिक. असे नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर विमानतळाच्या शेजारी राहणारा माणूस असतो, विल्होळीच्या अलीकडचा नाशिककर नसतोच.

तर काउंटरवर सांगितलं, रिपोर्ट जुना झाला. तिकीट नसलेल्याला आत सोडत नव्हते, त्यामुळं मी बाहेर, काचेच्या या बाजूला. आई आत, एकटी. वय 66. मास्कमुळं चष्म्यावर वाफ धरलेली, त्यामुळं फोनवरचा माझा मेसेज तिला वाचता येईना. मी फोनवर ओरडून सांगतेय, "तिथंच तपासणीचं टेबल असेल, विचार", आणि ती म्हणतेय, "कोणाला विचारू गं, सगळ्यांची तोंडं झाकलेली." एका सफाईवाल्या बाईनं तिला हाताला धरून टेबलापाशी नेलं. त्या बाईचं नाव माहीत नाही. पैसे भरले, नाकात काडी, थोड्या वेळानं निगेटिव्ह. मी बाहेर दोन्ही हात वर केले, माझ्याकडं बघून ड्रायव्हरदादा हसले.

आणि मग नाव.

इथं जरा मागं जावं लागेल. आईचं माहेरचं नाव एक, सासरचं एक. लग्नात ताटातल्या तांदळावर आजीनं अंगठीनं लिहिवलं ते दुसरं नाव, आणि पुढं सगळं आयुष्य त्याच नावानं. बाबा कागदाला पक्के, त्यांनी रीतसर गॅझेटमध्ये छापून आणलं. त्यामुळं पासपोर्ट तांदळातल्या नावानं. पण वॉर्डात आधारचं शिबिर लागलं तेव्हा जन्मतारखेसाठी शाळेचा दाखला मागितला आणि टाइप करणाऱ्या मुलानं दाखल्यावरचंच नाव उचललं. बिचारं माहेरचं नाव, चाळीस वर्षांनी परत आलं. आधार दाखवून लस घेतली, म्हणून लसीच्या प्रमाणपत्रावरही तेच. आडनाव मात्र सासरचं, कारण पत्त्याच्या पुराव्यावर ते होतं. म्हणजे प्रमाणपत्रावर एक अशी बाई, जी कधी अस्तित्वातच नव्हती.

काउंटरवरच्या मुलीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. आईनं फोन तिच्या हातात दिला. मी म्हटलं, "मॅडम, त्याच आहेत त्या, पासपोर्ट नंबर आहे बघा प्रमाणपत्रावर." ती म्हणाली, "नंबर आहे, नाव नाही." गॅझेटची प्रत आहे का? गॅझेट जेल रोडला, गोदरेजच्या कपाटात, चोरकप्प्यात. विमानतळापासून पावणेदोनशे किलोमीटर! फोटो मागवते म्हटलं. बाबांना उठवलं. बाबांना कप्पा उघडून, फोटो काढून, पाठवायला वीस मिनिटं लागली. तोवर काउंटर बंद.

घरी आलो तेव्हा उजाडत होतं. इगतपुरीला धुकं इतकं की समोरच्या ट्रकचे फक्त दोन लाल दिवे. आई पूर्ण रस्ता एक अक्षर बोलली नाही. घोटीला चहाला थांबलो, तेव्हा म्हणाली, "लाडू टिकतील ना गं?"

बाळ आठ दिवसांनी झालं. मुलगी. जावई दोन आठवडे रजा काढून स्वतः शेक-शेगडी शिकला व्हिडिओ बघून. (शेगडी नव्हतीच तिथं, हीटर. असो.) बारशाला आई इथं, नाशिकरोडच्या हॉलमध्ये, फोन भिंतीला टेकवून बसली. तिकडं आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, सगळे हसले, आणि आमच्याकडं नेमका आवाज गेला. नातीचं नाव आजीला टाइप करून आलं.

टाइप करून! घ्या. तेही नावच.

आता तुम्ही म्हणाल, नियमच नको होते का? तसं नाही. एप्रिल 2021 नाशिककरांनी पाहिलाय, ऑक्सिजनसाठी कोण कुठं पळत होतं ते मला कोणी सांगायला नको. विमानातून रोग येतो, हेही मान्य.

पण मला सांगा, आईच्या नाकात रोग नव्हता, दोन दिवसांत दोनदा तपासून झालं होतं. दंडात लस होती, तीही पुण्यात बनलेली, चौऱ्याऐंशी दिवस थांबून घेतलेली. मग त्या रात्री नक्की काय अडवलं आपण? विषाणू अडवला की आजीनं तांदळात लिहिवलेलं नाव अडवलं?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडनं कोव्हिशिल्डला हो म्हटलं पण आपल्या प्रमाणपत्राला नाही, तेव्हा याच फेसबुकवर सगळे पेटून उठले होते. मीही पोस्ट टाकलेली, जाऊन बघा. आपणही 4 ऑक्टोबरपासून त्यांच्या माणसांना दहा दिवस क्वारंटाइन लावलं आणि 11 ला ते सुतासारखे सरळ आले. छाती फुगली होती माझी. पण माझ्या आईला कोणा गोऱ्यानं अडवलं नाही. आपल्याच देशात, आपल्याच भाषेत "सॉरी काकू" म्हणून परत पाठवलं. त्या पोरीवर राग नाही. चुकीचा माणूस चढवला तर दंड तिच्या कंपनीला आणि बोलणी तिला. तिला आईवर विश्वास ठेवायची मुभाच नव्हती. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, तेव्हा मी तिला फोनवर नको ते बोलले. त्याचं आजही वाईट वाटतं.

आणि आईला परत पाठवलं त्याच्या पुढच्याच महिन्यात तो टेनिसवाला जोकोविच लशीवरून ऑस्ट्रेलियात अडकला. दहा दिवस जगभर बातम्या, दोनदा कोर्ट. शेवटी पाठवलाच परत, तो भाग वेगळा. पण कोर्ट तरी मिळालं त्याला. आमच्या मातोश्रींना बॅग पट्ट्यावरून खाली घ्यायला सांगितली, संपलं.

बरं, एक गोष्ट लिहू का नको, असं मघापासून चाललंय. लिहितेच.

चूक माझी होती. जुलैमध्ये मीच प्रमाणपत्र उघडलं होतं. जन्मसाल चुकलेलं, 1955 चं 1956. लसीच्या पोर्टलवर दुरुस्तीची सोय होती, पण एकदाच. मी घाईघाईनं साल दुरुस्त केलं, सबमिट केलं आणि मग खाली नाव बघितलं. तेव्हा वाटलं, जाऊ दे, पासपोर्ट नंबर जोडलाय ना. निघायच्या दिवशी बाबांनी विचारलंसुद्धा, "नाव जुळतंय ना सगळीकडं?" मी म्हटलं, "हो बाबा, सगळं बघितलंय."

आणि बाबा कोण? बाबा प्रेसमधून रिटायर. आमच्याकडं प्रेस म्हणजे एकच, नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस. भारताचा पासपोर्ट तिथंच छापतात. आईच्या हातातला तो निळा पासपोर्ट आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर छापलेला. बाबांना अजून सवय आहे, कोणताही छापील कागद आधी ट्यूबलाइटसमोर धरायचा, मग वाचायचा. लग्नपत्रिकासुद्धा. त्या माणसाला मी त्या दिवशी प्रमाणपत्र दाखवलं नाही. दाखवलं असतं तर चोरकप्प्यातलं गॅझेट आईच्या पर्समध्ये असतं.

तर काका, तुमचं खरंय. कागद व्यवस्थित नव्हते.

पण एकदाच?! माणसाला चूक दुरुस्त करायची एकच संधी, आणि नियम करणाऱ्यांना आठवड्यात तीनदा नियम बदलायची मुभा? हे कुठलं गणित? त्यांनी 15 डिसेंबर पुसला तर तो 'परिस्थितीचा आढावा', आम्ही एक साल पुसलं तर आयुष्यभराचा गुन्हा.

नाव बदलून घ्यायला हेल्पलाइन, ईमेल, लसकेंद्र असे तीन आठवडे खेटे घातले. झालं, तर जानेवारीत आईच पॉझिटिव्ह. मग पुढं तपासणी पुन्हा पॉझिटिव्ह आलीच तर बरी झाल्याचं डॉक्टरचं पत्र असावं, म्हणून त्याचीही जुळवाजुळव. शेवटी 27 मार्च 2022 ला विमानं रीतसर सुरू झाली आणि आई एप्रिलमध्ये गेली. या वेळी दोन दिवस आधी ठाण्याला मावशीकडं मुक्काम, तपासणी तिथंच. गॅझेटच्या चार प्रती. एक पर्समध्ये, एक बॅगेत, एक ब्लाउजमध्ये, एक माझ्याकडं. कोणी विचारलंसुद्धा नाही! नात चार महिन्यांची झाली होती, आजीला बघून भोकाड पसरलं तिनं.

जूनच्या 12 तारखेला अमेरिकेनं तपासणीच काढून टाकली. पुढच्या वर्षी मे महिन्यात लसीचीही अट गेली. आता कोणी विचारत नाही. लोक विसरले, काका तर गमतीनं सांगतात. मी पण विसरले असते कदाचित.

आज लॉन्सवरून आल्यावर मी ती फाइल काढली. आईचा जुना पासपोर्ट संपला, नवा मागेच पोस्टानं आलाय, तोही त्याच फाइलमध्ये होता. बाबा सोफ्यावर बसले होते. माझ्या हातातून त्यांनी नवा पासपोर्ट घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, पान ट्यूबलाइटसमोर धरलं, मग आईचं नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. मग फाइलमधलं लसीचं प्रमाणपत्र ओढून घेतलं, तेही तसंच वाचलं.

"छपाई चांगली आहे," म्हणाले. आणि दोन्ही परत फाइलमध्ये ठेवून दिले.